कौतिक आबांची घागर

"अभिमन, तू त्या तारखा काढी टाक्यात का?" दीपनगरहून निंबानं फोनवर विचारलं.

अभिमननं ऐटीत हो म्हटलं. धुळ्याच्या ज्या कॉम्प्युटर क्लासमध्ये तो शिकवायचा, तिथली मुलं ऐकत होती, त्यामुळे आवाज जरा चढाच लागला.

दोघे शिंदखेड्याचे, शाळेत एका बाकावरचे. निंबाचे वडील कौतिक आबा वीज केंद्रात लागले आणि घर दीपनगरला गेलं. पुढे गाव वसवायच्या एका व्हिडिओ गेमचं दोघांनाही वेड लागलं. त्या परदेशी गेममध्ये आपली घरं, आपली माणसं घालता यावीत म्हणून निंबानं हौसेनं एक लायब्ररी लिहिली. तयार तुकडे उचलायचे आणि आपलं गाव मांडायचं. तिच्यातले बग काढायचं काम अभिमनचं. दुसऱ्याच्या कामातली खोट काढण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, हे तो स्वतःच सांगत असे. फ्लॉपी एकच, ती एसटीनं ये-जा करायची. अभिमन दुरुस्त फाइल जुनीवरच उतरवायचा आणि निंबाही डोळे झाकून ती आपल्या कॉम्प्युटरवर चढवायचा.

या खेपेला त्याला तीन तारखा दिसल्या. २९ एप्रिल ९८, १८ एप्रिल ९९, ६ मे २०००. त्या-त्या दिवशी एका घरापुढे खेळ थोडा वेळ अडणार होता. तारखांना ना क्रम, ना कारण. कचरा म्हणून त्यानं त्या उडवल्या, सोबतची दोन चित्रंही, उघडून न बघता.

"तो बग नही व्हता," निंबा म्हणाला. "काल आखाजी व्हती. आबानी घागर व्हती ती."

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरून पुजायचा दिवस. कालच अभिमननं शिंदखेड्याला स्वतःच्या वडिलांची घागर पुजली होती, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं होतं, चार सांजोऱ्या चापल्या होत्या.

"जुनी फाइल व्हईन ना तुन्हाजोडे?"

"तुन्ही तिन्हावर टाकी दिधी. मी देखं बी नही."

आबांचं चित्र निंबानं त्यांच्या शेवटच्या दुखण्यात खाटेशेजारी बसून ठिपक्या-ठिपक्यानं काढलं होतं. टोपी तिरपी कर, असं आबांनीच सांगितलेलं. आखाजीला ते दारात येणार, घागरीतलं पाणी पिणार आणि जाणार, एवढंच त्यात होतं. निंबानं हे शांतपणे सांगितलं आणि फोन ठेवला. त्यानं शिवी घातली असती तर अभिमनला बरं वाटलं असतं. त्यानंतर फ्लॉपी आली नाही.

वर्षभरात अभिमननं क्लासमधल्या आपल्या फाइलमध्ये पंचांग बघून तारखा पुन्हा घातल्या, घागर काढली, वर डांगर ठेवलं. मग आबांना काढायला बसला. लहानपणी त्यांच्या सायकलवर डबलसीट हिंडलेला तो, पण टोपी डावीकडे तिरपी की उजवीकडे, हे काही केल्या आठवेना. निंबाला विचारायचं तोंड नव्हतं. आबांचं चित्र राहूनच गेलं.

पुढची आखाजी रविवारी आली. घरची घागर आईवर सोपवून त्यानं बंद क्लास उघडला आणि गेम लावला. घरापुढे घागर आली, खेळ अडला. अभिमन खुर्ची सोडून उभा राहिला, हात जोडले. दारात कोणी आलं नाही. थोड्या वेळानं घागर आपोआप गेली आणि गाव पुन्हा चालू झालं.