धुतलेली चादर

धुतलेली चादर धुवायला कोण देतं? मी लॉन्ड्री चालवते. कपडा हातात आला की तो काय भोगून आलाय ते मला कळतं. सासूबाईंची चादर गाठोड्यातून काढली तर तिला साबणाचा वास, आणि मधोमध फिकट तपकिरी कडा. रक्ताचा डाग कुणीतरी गरम पाण्यात घातला होता. गरम पाण्यात रक्त धाग्यात पक्कं बसतं, मग काही केल्या हटत नाही.

सासूबाई कागदोपत्री आता माझ्या कुणीच नाहीत. त्यांच्या मुलाने मला सोडून दुसरा संसार थाटला, त्याला बरीच वर्षं झाली. पुढे त्यांच्या छातीत कॅन्सरची गाठ निघाली. मुलगा परगावी, फोनवरून हळहळणारा. ऑपरेशन झालं, केमो झाली, दोन्ही वेळा सोबत मीच होते, आणि मग रोज एक हार्मोनची गोळी सुरू झाली. बाई विसरभोळ्या, वर हट्टी. म्हणून दुकान उघडण्याआधी मी त्यांच्याकडे जाऊ लागले. जिने चढायचे, त्यांच्या तळहातावर गोळी ठेवायची, ती घशाखाली उतरेपर्यंत समोर बसायचं. मग चहा, मग शेजाऱ्यांची उणीदुणी. एका घरात नांदत होतो तेव्हा आमचं क्षणभर पटलं नाही. आता त्या अर्ध्या तासाशिवाय माझा दिवस सुरू होत नव्हता. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. डोक्यावर बसल्या असत्या.

चादर घेऊन मी तशीच त्यांच्याकडे गेले.

"हे काय आहे?"

"चहा सांडला. घरी धुतला, निघाला नाही, म्हणून दिली."

"आई, मला डाग शिकवू नका."

त्यांनी तोंड फिरवलं. पाळी जाऊन जमाना झालेली बाई! या गोळीवर असताना रक्त दिसलं तर तडक या, असं डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी आम्हा दोघींना बजावलं होतं.

"केव्हापासून?"

"महिना झाला असेल. थोडंथोडंच गं."

"आणि मी रोज समोर बसते, तेव्हा काय मिठाची गुळणी धरली होती तोंडात?"

ओरडले खरी, पण मनात एकच होतं. ते दुखणं परत आलं असेल तर? पहिल्या वेळचे त्यांचे गळालेले केस मी झाडूने गोळा केले होते. पुन्हा ते करायची माझी ताकद नव्हती, आणि त्यांच्यावाचून राहायची तर मुळीच नव्हती.

हॉस्पिटलात सोनोग्राफी झाली. गर्भाशयात एक गाठ वाढून खाली पिशवीच्या तोंडापर्यंत उतरली होती. ती काढायचं ठरलं.

"तुम्ही यांच्या कोण?" नर्सने मला विचारलं. मी अडखळले.

"सून," खाटेवरून सासूबाई म्हणाल्या. "मुलगा टिकला नाही, सून टिकली."

गाठ तपासायला गेली. रिपोर्ट येईपर्यंत मी एका गिऱ्हाइकाचा नवाकोरा शर्ट जाळला, आणि आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाशी वाद न घालता माफी मागितली.

"साधी गाठ आहे, कॅन्सर नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अशी गाठ फार क्वचित बघायला मिळते. ही गोळी छातीतल्या रोगाला आवरते, पण गर्भाशयाच्या अस्तराला कधीकधी उलटं खतपाणी घालते. तुमची गोळीची ठरलेली पाच वर्षं होतच आलीत. गोळी आता बंद करू, तपासण्या मात्र चालू ठेवायच्या."

मी तिथेच घळाघळा रडले. सासूबाईंचा चेहरा मात्र पडला.

"बंदच? थोडे दिवस चालू ठेवली तर?"

डॉक्टरीणबाई बघतच राहिल्या. मीही.

बाहेर आल्यावर मी त्यांना फैलावर घेतलं. "जिवावरचं टळलं आणि तुम्ही तोंड वाकडं करून बसलात! हवीय कशाला ती गोळी?"

त्या वाकून चप्पल सरळ करू लागल्या. मग म्हणाल्या, "म्हणून तर सांगितलं नव्हतं. रक्ताचं कळलं की गोळी बंद करतील, हे माहीत होतं मला. गोळी बंद झाल्यावर तू कशाला येशील?"

या बाईने माझ्या अर्ध्या तासासाठी स्वतःचा जीव पणाला लावला होता. मला भयंकर राग आला, आणि त्यांना तिथेच रस्त्यात मिठी मारावीशी वाटली. मारली नाही. आमच्यात तसं काही नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीच्या वेळी निघाले. द्यायला गोळी नव्हती, त्यामुळे जिन्यात उगाच चोरासारखं वाटलं. दार उघडंच होतं. स्टुलावर नेहमीसारखा पाण्याचा ग्लास भरून ठेवला होता.

"आई, आज गोळी नाही."

"ठाऊक आहे. पाणी तुझ्यासाठी आहे. इतकी वर्षं जिने चढून तू यायचीस आणि पाणी मी प्यायचे. मला मेलीला सुचलंच नाही कधी."

मी पाणी प्यायले. त्या समोर बसून, शेवटचा घोट घशाखाली उतरेपर्यंत, माझ्याकडे बघत राहिल्या.

"बस आता," त्या म्हणाल्या. "चहा टाकते."