क्रियापदाचं गोत्र

इडो ही विश्वबंधुत्वासाठी मुद्दाम बनवलेली भाषा. जयपुरात ती बोलणारे दोघेच, आणि त्यांचं पटत नव्हतं. जगतपुऱ्यातले प्राध्यापक मुकुंदराव आणि रेल्वेतून निवृत्त झालेले सिग्नल इन्स्पेक्टर रंगनाथ. दोघांत मतदान म्हणजे कायमची बरोबरी, म्हणून रीत पडली होती: बैठकीत फक्त इडो, जो आधी दुसऱ्या भाषेत तोंड उघडेल, त्याची हार.

मुकुंदरावांनी अकरा वर्षं खपून इडो-मराठी कोशाची कार्डं केली होती. क्रियापद, त्याची रूपं, आणि खाली व्युत्पत्ती: हे फ्रेंचमधून आलं, ते जर्मनमधून. सोमवारी कोश छापायला जायचा, आणि रविवारी दुपारी रंगनाथ इडोतून म्हणाले, व्युत्पत्ती काढून टाका. लोकांना क्रियापद हवंय, त्याचं गोत्र कशाला? आयुष्यात दाखवण्यासारखं मुकुंदरावांकडे तेवढंच होतं. ते नाही म्हणाले.

"मे फ्रापोस वु," रंगनाथ म्हणाले. मी आपल्याला मारीन. -ओस म्हणजे भविष्यकाळ, आणि 'वु' म्हणजे अहो-जाहो. सरकारी नोकरीत हयात गेलेली.

मग पितळी पेपरवेट मुकुंदरावांच्या भुवईवर बसला आणि क्रियापदाला -इस लागला, भूतकाळाचा. रक्त कार्डांवर ठिबकलं. मुकुंदरावांनी आधी ती पुसली, मग रंगनाथांच्या नडगीवर लाथ घातली. कार्डं खणात ठेवायला ते वळले, तेवढ्यात रंगनाथांनी गुडघा लावून खण बंद केला. उजवा हात आतच होता. बोटं मोडल्याचा आवाज स्वयंपाकघरात गेला.

मुकुंदरावांच्या पत्नी प्रभाताई दारात आल्या. "अहो, चाललंय काय? वॉचमन भैयाला बोलावू का?"

मराठीत हो म्हणावं, तर हार, आणि व्युत्पत्ती गेली. मुकुंदरावांनी मान वाकवली, खणावर ओणवलेल्या रंगनाथांचा कान दातांत धरला आणि सोडला नाही.

"मेलो वो माय," रंगनाथ म्हणाले. अस्सल वऱ्हाडीत.

गोत्र राहिलं. कानाची पाळी मात्र राहिली नाही.

दवाखान्यात डॉक्टर गिरिजांनी प्लास्टर घालताना बजावलं, दीड महिना लिहायचं नाही. चाळीस कार्डांवरची व्युत्पत्ती अजून बाकी होती, आणि कोश उद्याच छापायला जायचा होता. ती लिहू शकणारा शहरातला दुसरा माणूस शेजारच्या खाटेवर टाके घालून घेत होता.

मुकुंदरावांनी डाव्या हातानं पेन पुढे केलं. रंगनाथांनी ते घेतलं, त्याचं टोक मुकुंदरावांच्या धड डोळ्यासमोर बराच वेळ धरलं, आणि मग कार्डं मागितली.