बिननावाच्या चिठ्ठ्यांची पेटी

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. फणसाच्या लाकडाची, वर चिठ्ठी टाकायला चीर असलेली. रत्नागिरीतल्या एका रुग्णालयात मी बरीच वर्षं तक्रारपेटी म्हणून दारात टांगलेली होते. पण माझी किल्लीच हरवली होती! लोक चिठ्ठ्या टाकायचे आणि वाळवी त्या फस्त करायची. तेव्हापासून माझा माणसांवर विश्वास उरला नाही.

मग दमयंती सिस्टर आल्या. बावीस वर्षं रुग्णांची सेवा केलेल्या. आपल्या हातून रुग्णाला इजा होऊ नये म्हणून काय जपायचं, ते आता त्या इतर सिस्टरांना शिकवायच्या. त्यांनी मला नवं कुलूप लावलं, बायकांच्या वॉर्डात टांगलं आणि म्हणाल्या, "काही चुकलं, किंवा चुकता चुकता राहिलं, की चिठ्ठी टाका. नाव लिहू नका."

"अक्षर ओळखतील ना गं! सापळा आहे हा," बकुळा सिस्टर कुजबुजली.

मलाही तेच वाटलं. किल्ली कुणाकडे? त्यांच्याच कमरेला! दोन महिन्यांत एकच चिठ्ठी आली: 'पंखा आवाज करतो.'

एका सकाळी मनिषा सिस्टर इन्सुलिनचं इंजेक्शन घेऊन एका आजींच्या खाटेपाशी आली. नोकरी तीनच महिन्यांची, अजून कायम न झालेली. घरात मिळवती ती एकटी.

"आजी, पूर्ण नाव सांगा."

आजी लाजल्या. पूर्ण नावात नवऱ्याचं नाव आलं. ते तोंडाने घ्यायचं कसं?

मनिषा घाईत होती. "सखूबाईच ना तुम्ही?"

"व्हय."

सुई दंडाशी गेली, तशा आजी म्हणाल्या, "कसली गो सुई?"

"साखरेची."

"मला कुटची साखर? ती पलीकडची सखू, रावजींची!"

दुसरीच्या नवऱ्याचं नाव मात्र आजींनी खणखणीत घेतलं. मनिषाने सुई झटकन मागे घेतली. दुपारी तिने डाव्या हाताने सगळं लिहून चिठ्ठी माझ्यात टाकली.

दुसऱ्या दिवशी दमयंती सिस्टरांनी ती सगळ्यांसमोर वाचली. सगळ्या सिस्टरांच्या प्रमुख मेट्रन मॅडम कडाडल्या, "कोण ही? हजेरीवही आणा, अक्षर जुळवू!"

मनिषा पांढरीफटक पडली. झालं, पोरीची नोकरी गेली, मला वाटलं.

दमयंती सिस्टरांनी चिठ्ठी मुठीत घट्ट धरली. "मॅडम, आज नाव शोधलंत तर उद्या चिठ्ठी येणार नाही. मग सुई टोचून झाल्यावरच आपल्याला कळेल." आणि वॉर्डाकडे वळून त्यांनी हाक मारली, "सखूबाई!"

"व्हय!" दोन खाटांवरून एकदम आवाज आले.

"पूर्ण नाव?"

दोघींनी तोंडाला पदर लावला. मेट्रन मॅडम दोन्ही खाटांकडे बघत म्हणाल्या, "राहू दे ती हजेरीवही."

त्या दिवसापासून सिस्टर स्वतः नाव सुचवत नाहीत. रुग्णालाच नाव, गाव, वय विचारतात आणि मनगटावरच्या पट्टीशी ताडून बघतात. एक सखू हेदवीची निघाली, दुसरी संगमेश्वरची. नवऱ्यांची नावं पट्टीवर लिहिलेली असतात, कुणाला घ्यावी लागत नाहीत.

आणि ती चिठ्ठी? दमयंती सिस्टरांनी तिचे तुकडे करून नळाखाली वाहू दिले. मी पाहिलं म्हणून सांगते. मनिषा अजून कामावर आहे. त्याच आठवड्यात माझ्यात पाच चिठ्ठ्या पडल्या. बकुळाने तर खाली सहीच ठोकली होती!

मी अजूनही संशयीच आहे हो. पण आता संशय येतो तो आठवडाभर रिकामी राहिले की. इतकी माणसं, इतकी घाई, आणि कुणाचं काहीच चुकलं नाही?

म्हणून मित्रांनो, एखादं लहान भावंड काही सांडून, फोडून तुमच्याकडे सांगायला आलं, तर त्याच्यावर ओरडू नका. आधी जवळ बसवा. त्याचं सगळं सांगून होऊ द्या.