ताईच्या केसांची गोळी

माझं तीन खुर्च्यांचं पार्लर आहे आणि बोलायला मी कुणाच्या बापाला घाबरत नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात मी दीड दिवस तोंड शिवून बसले होते.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. एकवीस वर्षं बस चालवतेय, गाडीला एक ओरखडा नाही. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं, म्हणजे मुख्यतः ओरडून वाढवलं. तिचा आवाजच तसा. बसमधल्या शेवटच्या सीटवर झोपलेल्या माणसाला ती स्टिअरिंगवरून उठवायची.

तिला थायरॉइडचा त्रास आहे. गळ्यातली ग्रंथी कामचुकार, म्हणून रोज पहाटे उपाशीपोटी एक गोळी घ्यायची, की झालं. सहा वर्षं सुरळीत चाललं होतं. गेल्या वर्षी तिचे केस गळायला लागले. आता धाकट्या बहिणीचं पार्लर आणि ताईच्या भांगातून टाळू दिसते, म्हणजे माझी अब्रू ती काय राहिली? माझ्या निम्म्या गिऱ्हाइकांना मी केसांची एक गोळी देते, तीच तिला सुरू केली. दर महिन्याला मी स्वतः तिची डबी भरायची. माझ्या हातचं ती मुकाट गिळते.

पुढच्या रक्ततपासणीत निघालं, थायरॉइड जास्त झालंय. डॉक्टरांनी डोस कमी केला. तीन महिन्यांनी पुन्हा तेच, पुन्हा कमी. इकडे केस मुठीनं गळायला लागले, म्हणून मी केसांच्या एका गोळीच्या दोन केल्या. ताईला सतत थंडी वाजायची, चेहरा सुजलेला, आवाज पार घोगरा. माझ्या मुलीनं फोनवर तिलाच विचारलं, "काका, मावशी आहे का घरात?" आम्ही पोट धरून हसलो. ताईही हसली, पण जरा उशिरा.

मग एका दुपारी सिग्नल हिरवा झाला आणि ताई तशीच बसून राहिली. डोळा लागला होता. मागून हॉर्न वाजले तेव्हा जाग आली. गाडीत चाळीस माणसं. तिनं पुढच्या थांब्यावर बस उभी केली, डेपोला फोन लावून दुसरा ड्रायव्हर मागवला, आणि साहेबांना जे झालं ते सगळं सांगितलं. साहेबांनी तिला डेपोत बसपास देण्याच्या खिडकीवर बसवलं. चार महिन्यांत डेपोच्या डॉक्टरांनी तिला पास केलं नाही, तर खिडकी कायमची. त्या दिवशी ती घरी येऊन रडली. आई गेली तेव्हासुद्धा मी तिला रडताना पाहिलं नव्हतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिला घेऊन तडक दवाखाना गाठला.

"दोनदा डोस कमी केलात, आणि बघा काय करून ठेवलंत माझ्या बहिणीचं," मी म्हणाले.

डॉक्टर म्हातारे, शांत. त्यांनी ताईची नाडी मोजली, गुडघ्याखाली हातोडी मारून बघितली, पापण्या पाहिल्या. "रिपोर्ट म्हणतोय इंजिन सुसाट पळतंय," ते म्हणाले, "आणि या तर बंद पडायला आल्यात. दोन्ही खरं असणार नाही. परवा सकाळी पुन्हा रक्त घेऊ. आणखी काही पोटात जातं का? गोळी, पावडर, काढा, काहीही?"

"औषध असं काही नाही," ताई म्हणाली.

"चहाशिवाय काही नाही," मी ठणकावून सांगितलं.

संध्याकाळी ताईची डबी भरताना माझा हात थांबला. गोळी, पावडर, काढा, काहीही. मनाला म्हटलं, केसांची गोळी म्हणजे औषध थोडंच. दुसरा अख्खा दिवस मी हेच घोकत होते. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. डॉक्टरांना एवढी बोलले, आणि दोष माझाच निघाला तर ताईला तोंड कसं दाखवणार?

तिसऱ्या दिवशी दवाखान्यात ताईनं बाही वर केली आणि मी डबी टेबलावर ठेवली. "ही पण घेते ती. रोज दोन. मी देते."

डॉक्टरांनी चष्मा वर करून डबीवरची चिठ्ठी वाचली. "बायोटिन. तेही भरपूर," ते म्हणाले. "यानं यांना काही होत नाही, पण तपासणीचं यंत्र फसतं. थायरॉइड कमी असलं तरी जास्त दाखवतं. आणि मी कागद बघून डोस कमी करत गेलो. पहिल्याच वेळी विचारायला हवं होतं मी." रक्त त्यांनी घेतलं नाही. आठवडाभर ही गोळी बंद, मग या, म्हणाले.

म्हणजे केस गळतात म्हणून मी गोळी देणार, त्या गोळीपायी डोस कमी होणार, डोस कमी म्हणून केस आणखी गळणार, आणि मी दोन देणार. लोक केसानं गळा कापतात, मी ते मायेनं केलं होतं.

बाहेर आल्यावर मी म्हणाले, "ताई, मला परवाच कळलं होतं."

"मलाही," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "घरी येऊन डबी बघितली तेव्हाच."

"मग बोलली का नाहीस?"

"सुई टोचायच्या आधी बोलणारच होते. तुला तेवढा वेळ दिला."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं माझा दंड धरला आणि आम्ही तिच्या चालीनं, हळूहळू, घरी गेलो.

आठवड्यानं खरा रिपोर्ट आला. थायरॉइड इतकं खाली गेलं होतं की लॅबवाल्यांनी डॉक्टरांना स्वतः फोन केला. जुना डोस परत सुरू झाला. महिनाभर मला तर काहीच फरक दिसेना, मी रोज तिचा चेहरा न्याहाळायची आणि ती वैतागायची. मग सूज उतरली, स्वेटर सुटला. चौथ्या महिन्यात डेपोच्या डॉक्टरांनी सही केली. पार्लरमध्ये मी आरशाशेजारी पाटी लावलीय: ही गोळी घेत असाल तर रक्त तपासायच्या आधी डॉक्टरांना सांगा.

ताई पुन्हा स्टिअरिंगवर बसली त्या पहिल्या दिवशी साडेनऊच्या फेरीला मी थांब्यावर उभी राहिले. बस आली. मी चढले आणि तिथंच, पायरीवर, तिच्याकडे बघत राहिले. तिनं मान वळवली नाही.

"दारातल्या बाई, आत सरका. दार लागत नाहीये."

सगळी बस दचकली. मी सरकत सरकत पार शेवटच्या सीटवर जाऊन बसले आणि पदरात तोंड लपवून रडले. पुढचा थांबा आला तेव्हा ती कुणावर तरी ओरडली, ते मला तिथंही स्वच्छ ऐकू आलं.