वळणावर कलंडणारी गाडी

राहुरीतल्या वैजनाथच्या वर्कशॉपात रविवारी सहसा गिऱ्हाईक नसायचं. तो ग्राइंडर पुसत बसला होता. त्याची लेक ज्ञानेश्वरी, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाची, बाकावर लॅपटॉप उघडून गेम खेळत होती. गेम होता गाड्या बांधायचा. चाकं, पाइप, सीट एकेक करून जोडायचं, प्रत्येकाला वजन द्यायचं आणि गाडी रस्त्यावर सोडायची. ओझं वर गेलं की ती खऱ्या गाडीसारखीच डुलायची.

"पप्पा, ही ओळखा बरं."

वैजनाथ वाकून बघू लागला आणि हरखलाच. पडद्यावर त्याचीच स्कूटर उभी होती! मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना एकेक जादा चाक, सीटमागे उंच पेटी. जामखेडच्या भीमाबाई बाजारोबाजार बांगड्या विकायच्या. पोलिओनं पाय अधू झालेले, म्हणून तीन महिन्यांपूर्वी त्यानं ही गाडी त्यांना बनवून दिली होती. ज्ञानेश्वरीनं सगळी मापं त्याच्या वहीतून घेतली होती.

"पळव की मग."

सरळ रस्त्यावर गाडी झकास पळाली. डावं वळण आलं आणि धाडकन आडवी झाली.

"तुला वळवता येत न्हाई. आन इकडं."

त्यानं स्वतः चालवली. पाच वेळा चालवली, पाचही वेळा कलंडली.

"गेम हाय तो. त्याला काय कळतंय," असं तो म्हणाला खरा, पण त्याचं हसू मावळलं होतं. कोपऱ्यात तशीच दुसरी स्कूटर तयार होती. मंगळवारी गिऱ्हाईक न्यायला येणार होतं. त्यानं सीटवर आणि पेटीत वाळूची पोती बांधली. अंगणाच्या उतारावरून बापलेकींनी ती ढकलत नेली आणि हँडल वळवलं. आतलं चाक उचललं गेलं, गाडी आदळली, पोतं फुटून वाळू पसरली.

वैजनाथनं लगेच भीमाबाईंना फोन लावला. नुसती रिंग. परत लावला. मग गॅस कटर, वेल्डिंग मशीन पिकअपमध्ये टाकून दोघं निघाले. नगर मागं पडलं तरी फोन कुणी उचलेना. वाटेत ज्ञानेश्वरी मांडीवरच्या लॅपटॉपवर चाकं लांब सरकवत होती, पेटी खाली आणत होती. "एक वीत तरी पाहिजे पप्पा, दोन्हीकडं," ती म्हणाली.

भीमाबाई दारातच बसल्या होत्या, सुखरूप. फोन आत चार्जिंगला होता. वैजनाथचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात त्याला त्यांचा उजवा हात दिसला. कोपरापाशी वाकडा जुळलेला. आणि स्कूटरच्या पाय ठेवायच्या जागेवर दोरीनं आवळून बांधलेला दगडी पाटा!

"हे काय हो?"

"काय न्हाई भाऊ. दोनदा पडले. मंग खाली वजन बांधलं, तवापासून जरा बरं हाय."

"आन मला फोन का न्हाई केला?"

"कशापायी? तुमी गाडी एवढी चांगली बनवली. मलाच येडीला वळवता येत न्हाई."

वैजनाथ ओट्यावर बसला. तीन महिने ही बाई स्वतःलाच बोल लावत होती.

"तुमचं काय चुकलं न्हाई," तो कसाबसा म्हणाला. "माजं चुकलं. चाकं लई जवळ बसवली मी, पेटी लई वर."

भीमाबाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला, मग लाल झाला.

"मंजी माजा हात उगाच मोडला व्हय?"

ज्ञानेश्वरीनं मान खाली घातली. मग वैजनाथनं कटर पेटवला.

दुपार कलेपर्यंत चाकं वीतभर बाहेर गेली, पेटी खाली उतरली. त्यानं चावी पुढं केली, पण भीमाबाईंनी ती घेतली नाही.

"आदी तुमी बसा. पेटी भरून."

बांगड्यांचे खोके भरून तो निघाला. गल्लीच्या तोंडाचं डावं वळण त्यानं दबकतच घेतलं. गाडी जरासुद्धा कलली नाही.

"एवढ्या हळू मी बाजाराला कवा पोचायची? अजून जोरात!"

त्यानं परत घेतलं, जोरात. भीमाबाई दारातून डोळे बारीक करून चाकांकडे बघत होत्या.

"अजून एकदा," त्या म्हणाल्या.

तिसऱ्या फेरीनंतर त्यांनी चावीसाठी हात पुढं केला.