आतली कडी

"बाई, हितं माणसं ऱ्हात्यात का दाणं साठवत्यात? दाराला दार, खिडकीला गज, गजाला वरनं जाळी!"

साळूबाईंनी हे थेट घरमालकिणीच्या तोंडावर विचारलं. त्यांच्या मुलानं, हर्षलनं, मान खाली घातली. सून रेश्मा भिंतीचा रंग बघू लागली.

सकाळपासूनचं हे तिसरं घर. सावेडीतल्या फ्लॅटचं भाडं ऐकून हर्षल आल्या पावली जिना उतरला होता. केडगावचं परवडत होतं, पण ते शहराच्या पार दुसऱ्या टोकाला; पाळी सुटून एमआयडीसीतनं घरी पोचेपर्यंत त्याची पोर झोपून गेली असती. बोल्हेगावच्या या बैठ्या घराला मात्र नाव ठेवायला जागा नव्हती. कंपनीची बस कोपऱ्यावर थांबायची, शाळा हाकेच्या अंतरावर, नळाला पाणी आणि भाडं झेपणारं. मालकीण इंदूताई शाळेतून निवृत्त झालेल्या, आता मुलाकडे पुण्याला निघालेल्या. संध्याकाळी आणखी एक कुटुंब घर बघायला येणार होतं. हर्षलला सोमवारी कामावर हजर व्हायचं होतं.

अडलं होतं साळूबाईंपाशी.

शिंगणापूरच्या त्यांच्या घराला, गावातल्या सगळ्याच घरांसारखी, नुसती चौकट होती, दार नव्हतं. रात्री कुत्रं शिरू नये म्हणून एक फळी टेकवायची, झालं. लग्न होऊन आल्यापासून बंद दाराआड त्या एक रात्र झोपल्या नव्हत्या. हर्षलच्या बाळंतपणात दवाखान्यातसुद्धा दाराला स्टूल लावायला लावलं होतं. "कुलूप घालायचं म्हंजे देवाला सांगायचं, तुझ्यावर भरवसा न्हाई," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. नवरा गेल्यावर एवढा संसार त्यांनी राखला तो कुलपानं नव्हे, जिभेनं.

आणि हर्षल कालच बोलून बसला होता, "आये, तू येनार आसशील तरच घर घेतो. न्हाईतर सोमवारी मी जात न्हाई." त्यामुळे तिघंही आता साळूबाईंच्या तोंडाकडं बघत होते.

"आजी, शहरात दार लावावंच लागतं," इंदूताई समजुतीनं म्हणाल्या. "होते हळूहळू सवय."

"तुमचं वय आसंल सवय लावून घ्यायचं. माझं न्हाई."

इंदूताई काही बोलणार, तेवढ्यात मागच्या खोलीचं दार आपटलं. पाठोपाठ लोखंड सरकल्याचा आवाज आला.

"संस्कृती कुठंय?" रेश्मानं विचारलं.

चार वर्षांची संस्कृती सकाळपासून प्रत्येक घरात दारांशी खेळत होती. ढकलायचं, ओढायचं, मागं लपायचं. असलं खेळणं तिनं घरी पाहिलंच नव्हतं.

"मम्मी! उघडंना!"

"आगं, कडी मागं वढ बाळा!"

"न्हाई वढत!"

हर्षलनं दार ढकललं. हललं नाही. "मॅडम, भाईरनं काय हाय का?"

"काहीच नाही. कडी आतूनच. आणि खिडकीला आतून कपाट लावलंय." इंदूताई मोबाईल शोधू लागल्या. "सुतार... थांबा, सुताराला फोन करते."

आत रडण्याचा सूर चढला. तो सूर घरातल्या तिघांना ठाऊक होता. संस्कृती रडता रडता श्वास कोंडून घ्यायची, ओठ निळे पडायचे. दोनदा तिची शुद्धही गेली होती. दोन्ही वेळा साळूबाईंनीच तिला छातीशी धरून पाणी शिंपडलं होतं. आता मध्ये लाकूड होतं.

हर्षल चार पावलं मागं सरला. खांदा पुढं केला.

"थांब मुडद्या!" साळूबाईंनी त्याचा दंड धरला. "पोर दाराला चिकटून रडतीय. फळकूट तिच्या अंगावर पाडतो का?"

"मंग करू काय?"

साळूबाईंना तरी कुठं ठाऊक होतं? उभ्या जन्मात त्यांनी असली कडी कधी लावली नव्हती की काढली नव्हती. त्या इंदूताईंकडे वळल्या. "बाई, आसलीच कडी आनिक कुठं हाय?"

"स्वयंपाकघराला आहे की."

साळूबाई आत गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

बाहेरचा आवाज एकदम पातळ झाला. आपलाच श्वास कानात वाजू लागला. त्यांनी चाचपून दांडी सरकवली, तिचं शेपटासारखं लोंबतं टोक खाचेत पडलं. मग सरळ ओढली. हलेना. पोरीचं हेच झालंय. पुन्हा ओढली, अंगाला दरदरून घाम सुटला. मग बोट शेपटाखाली गेलं, शेपूट उचललं आणि दांडी सरकली. डोळे मिटून त्यांनी पुन्हा एकदा लावून काढून पाहिली, तेव्हाच त्या बाहेर आल्या.

"संस्कृते, मी आजी. दाराला एक शेपूट हाय बघ. घावलं का?"

हुंदक्यामागून हुंदका. मग, "व्हय."

"कालवडीचं धरतीस ना, तसं धर. आन् वर उचल. पार वर."

"उचललं."

"सोडू नगं. तसंच धरून भिंतीपासनं लांब वढ."

आत एकदम शांत झालं. रडणंही थांबलं. रेश्मानं दाराला कान लावला.

"संस्कृते! बोल गं भवाने, बोल!"

खर्र झालं. दार बोटभर उघडलं आणि हर्षलनं हात घालून पोरीला ओढून घेतलं. ओठ निळसर होते, पण श्वास चालू होता.

रेश्मानं पोरीला पाणी पाजलं. मग हर्षल म्हणाला, "चल आये. हे बी नको न् दुसरं बी नको. गावाकडंच बघतो कायतरी."

पंधरा दिवस साळूबाई हेच ऐकायला टपल्या होत्या. आता ऐकलं, तर ते पटेना.

"का? उद्या शाळंला दार आसंल, दवाखान्याला आसंल, सासरला आसंल. दर टायमाला मी शेपूट सांगाया जानार व्हय? घर घे."

"मंग तू येतीस?"

"येईन, जाईन. ऱ्हानार न्हाई. मघाशी कोंडून घेतलं ना सवताला, तेवढं बास झालं मला."

"आये, आसं कसं..."

"आन् सोमवारी गेला न्हाईस तर माझ्या उंबऱ्यात पाय ठिवू नगं. घराला दार नसंल माझ्या, मी हाय."

इंदूताईंनी डोळे पुसले आणि किल्ली आणली. शिरस्त्याप्रमाणे त्यांनी ती घरातल्या थोरल्या बाईच्या हातावर ठेवली. साळूबाईंनी ती उलटी-सुलटी करून पाहिली, मग रेश्माच्या मुठीत दाबली.

"धर. हितं आता तुझं तोंड चालंल."

"आत्याबाई..." रेश्मा हुंदका देत त्यांच्या पायाशी वाकली.

"रडू नगं, पोरीला घेऊन आत जा. दार लावाया शिकव तिला."

साळूबाई बाहेर आल्या. मागं दार लोटलं गेलं. आत मायलेकींची कुजबुज, मग दांडी सरकली, शेपूट खाचेत पडलं.

"बसली का गं नीट?" त्यांनी विचारलं.

"बसली, आजी! उघडू?"

साळूबाई पायरीवर टेकल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला.

"ऱ्हाऊ दे वाईच," त्या म्हणाल्या.