कान मिटलेला लॅपटॉप

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला शिवांजली आतून ओरडली, "आई, नेटच येत नाही!"

अकराला तिची मुलाखत होती. साताऱ्याची बियाणे कंपनी आणि आम्ही इकडं कडेगावजवळच्या खेड्यात, म्हणून मुलाखत लॅपटॉपवर. मोबाईल चालणार नव्हता, कारण तिनं केलेलं काम स्क्रीनवर उघडून दाखवायचं होतं. अकरा ठिकाणी अर्ज टाकल्यावर ह्या एकाच कंपनीनं बोलावलं होतं.

मला लॅपटॉपातलं काही कळत नाही. पण शिलाई मशीन मी आपलं आपण खोलून शिकले आणि त्यातून एवढं कळलं, की मशीन कधी रुसत नाही. त्याला काहीतरी झालेलं असतं.

आधी केबलवाल्या धनाजीला फोन लावला.

"वैनी, लाईन ओके हाय. मोबाईलवर यूट्यूब चालतंय न्हवं?"

"चालतंय की."

"मग माझ्या नावानं का बोंबलताय? तो वाय-फायचा डब्बा बंद करून चालू करा," म्हणाला आणि ठेवला फोन.

डब्बा बंद करून चालू केला. लॅपटॉपही बंद करून चालू केला. शिवांजली पासवर्ड टाकायला बसली, तर टाकायचा कुठं? आमच्या वाय-फायचं नावच दिसेना.

"शेजारच्यांचं दिसतंय का बघ."

"कुणाचंच नाही."

"आणि तुझ्या मोबाईलचं?"

तिनं हॉटस्पॉट लावला. "तेही नाही. आई, हे वाय-फायचं बटणच करडं झालंय. दाबलं तरी हलत नाही." ती रडकुंडीला आली होती.

मला मात्र गंमत वाटायला लागली. वेळ गमतीची नव्हती, पण वाटली. म्हणजे बाहेर बोलणारे सगळे बोलत होते. ह्यानंच कान मिटून घेतले होते.

माझ्या सासूबाई धोंडुबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "दिष्ट लागलीया. मीठ-मिरच्या आणू का?"

"आत्याबाई, मला पाच मिनिटं द्या. मग खुशाल आणा." मी शिवांजलीकडं वळले. "शेवटचं नेट कधी चाललं होतं?"

"अष्टमीला. नंतर तू पूजेत ठेवलास."

तेही खरंच. खंडेनवमीला आमच्यात हत्यारं पुजतात. खुरपं, कोयता, माझं शिलाई मशीन. औंदा त्यांच्या रांगेत लॅपटॉप बसवला. थोरल्या राजवर्धननं पलटणीतून सुट्टीवर येताना बहिणीसाठी आणलेला, जुनाच, पण तिचं हत्यार तेच. पूजेतल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत कुणी हात लावत नाही. म्हणजे मधल्या दिवसांत त्याला शिवले ते फक्त हळद, कुंकू, अक्षता आणि मी.

लॅपटॉप मिटला आणि खिडकीशी नेऊन चहूबाजूंनी न्याहाळला. वर वाळलेलं गंध. बिजागरीत तांदळाचा एक दाणा. आणि पुढच्या कडेला, अगदी खाली, एक गुलाबी दोरा बाहेर आलेला.

तो दोरा मी ओळखला. ब्लाउजं शिवायच्या रिळातला, नायलॉनचा. त्यातच झेंडू ओवून मी लॅपटॉपला हार गुंडाळला होता, आणि दसऱ्याला उतरवताना गाठ सुटेना म्हणून ओढून तोडला होता.

सुईनं दोरा उकरला, तर खाली नखाएवढं सरकतं बटण. त्याच्या शेजारी मुंगीएवढा नारिंगी दिवा.

"हे काय आहे गं?"

शिवांजली वाकली. "मला माहीतच नव्हतं इथं काही आहे."

सुईच्या टोकानं बटण दुसरीकडं सरकवलं. नारिंगी दिवा निळा झाला. तिनं झडप घालून लॅपटॉप उघडला.

"आलं! आई, सगळ्यांची नावं आली!"

अकराला सहा मिनिटं होती. तिनं टेबलावरचा दोरा उचलून माझ्यापुढं धरला. "हा तर..."

"माझाच आहे. हार ओढताना त्यानंच वाय-फायचं ते बटण सरकवलं. भांडण नंतर. आधी केस नीट कर."

दार ओढून घेऊन मी बाहेर आले. सासूबाई मुठीत मीठ-मिरच्या घेऊन उभ्याच होत्या.

"कुणाची दिष्ट हुती गं?"

"माझीच, आत्याबाई."

त्यांनी मला खालवर बघितलं. "तरी तवाच म्हणलं, हार लय आवळतीस तू."

आतून शिवांजलीचा आवाज आला, शाळेत कविता म्हणायची तसा. "नमस्कार मॅडम. माझा आवाज येतोय का?"

सासूबाईंनी माझा दंड धरला. मीठ सांडलं, पण आम्ही दोघी हललो नाही.

"स्वच्छ येतोय," पलीकडून बाई म्हणाल्या. "करूया सुरुवात?"